ठकूताई, बीबर आणि खडस मासा

ठकूताईंना बुडबुड्यांचं पाणी अजिबात चालायचं नाही. जर्मनीत राहायचं आणि हे चालायचं नाही म्हणजे पंचाईतच. कॅन्टीनमध्ये, मीटिंगमध्ये, कुणाकडे जेवायला गेलं तरी पाणी म्हणून समोर येतं ते फसफसणारं. ठकूताई ग्लास पुढ्यात ओढून घ्यायच्या आणि हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसायच्या. एकदा आमच्या प्रोफेसरांनी काळजीनं विचारलं, पाण्यात काही पडलंय का? तर म्हणाल्या, "नाही हो. त्याला जरा राग आलाय. उतरला की पिते."

हे त्यांनी मराठीत सांगितलं. प्रोफेसरांनी "आख् झो", म्हणजे "अस्सं होय", म्हणून मान डोलावली. ठकूताईंचं मराठी निम्म्या संस्थेला कळायचं. कसं, ते मला कधी उलगडलं नाही. त्यांना जर्मन येत नव्हतं असं नाही. सरकारी नियम त्या जर्मनमधूनच काढून समोरच्याच्या नाकापुढे धरायच्या. पण रागवायचं झालं, लाड करायचे झाले किंवा पाण्याबद्दल मनापासून काही सांगायचं झालं, की गाडी मराठीवर यायची आणि समोरचा बवेरियन माणूस निमूटपणे ऐकून घ्यायचा.

गार्चिंगच्या विद्यापीठाच्या आवारात, म्युनिकहून येणारी यू-बान, म्हणजे मेट्रो, जिथे संपते तिथे आमची संस्था आहे. काम नद्यांचं. नदीतून शेतीला, गावाला, वीज करायला पाणी काढलं, तर मागे किती राहिलं म्हणजे तिच्यातले जीव जगतील, याचा हिशेब मांडणाऱ्या मंडळींत डॉ. ठकू गवारी होत्या. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्यांची सूत्रं कॉम्प्युटरला समजावून सांगणं हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात मी चहाला गेलो, तर पँट-शर्टातली, बुटकीशी, नाकात चमकी घातलेली एक बाई केटलमध्ये हात घालून आतला पांढरा थर नखानं खरवडत होती.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या. ओळख ना पाळख. "नदी एकटी येत नाही इथे. येताना डोंगर घेऊन येते."

मग केटलमध्ये व्हिनेगर ओतून त्यांनी माझं नाव, गाव, बायकोचं नाव आणि मुलगी मराठी बोलते का, हे सगळं विचारून घेतलं. मुलगी समजते सगळं पण उत्तर जर्मनमध्ये देते, असं मी ओशाळून सांगितलं. "देऊ दे की," त्या म्हणाल्या. "उत्तर देते ना? आमच्या खात्यात काही लोक कुठल्याच भाषेत देत नाहीत."

त्यांच्या नावाची आमच्या मराठी मंडळात गंमत झाली होती. गणपतीच्या कार्यक्रमाला त्या नऊवारी नेसून, खाली डोंगर चढायचे बूट घालून आल्या. मंडळातल्या एक काकू लाडात येऊन म्हणाल्या, "ठकू! अगं बाई, आमच्याकडे ठकी म्हणजे बाहुली!"

"आमच्याकडे ठकू म्हणजे माझी आजी," ताई म्हणाल्या. "विंचू चिमटीत धरून बाहेर नेऊन सोडायची. मारायची नाही. म्हणायची, त्याचं घर आधी होतं, आपण नंतर आलो."

काकूंनी मोदकाचं ताट पुढे केलं आणि पुन्हा कधी बाहुलीचा विषय काढला नाही.

त्यांचं एक पालुपद होतं. कुठलाही वाद निघाला, संस्थेतला असो की बाहेरचा, की त्या खुर्ची मागे सरकवून उठायच्या आणि म्हणायच्या, "चला, बघून येऊ." नकाशे असोत, मॉडेल असो, उपग्रहाचे फोटो असोत. पाऊस असो, बर्फ असो. प्रोफेसरांच्या खोलीत दाराशी रबरी गमबुटांचा जोड असायचा तो याच भीतीपोटी.

बीबरचं प्रकरण माझ्यामुळे त्यांच्याकडे गेलं. बीबर म्हणजे बीव्हर. मांजराहून बराच मोठा, चपट्या शेपटीचा, दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. बवेरियातून तो पार संपला होता, मग आणून सोडला, आता चांगलाच पसरलाय. तरी कायद्यानं त्याला कडक संरक्षण आहे. त्याच्या बांधाला परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही.

आम्ही गावाबाहेर ओढ्याकाठी बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता. इथे शहरातले लोक असे तुकडे घेऊन भाज्या लावतात, त्यांचा एक फेराइन असतो, म्हणजे मंडळ. त्या फेराइनचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, लोइब्ल. निवृत्त ट्राम-चालक. कुंपणाची उंचीही ते डोळ्यांनीच तपासायचे. त्या वसंतात बीबरानं ओढ्यावर बांध घातला आणि पाणी बागांत शिरलं. हेर लोइब्ल यांचे बटाटे बुडाले. आमच्या घरातही फूट पडली. बायको, मृणाल, कोथिंबिरीच्या बाजूनं आणि मुलगी ईरा पूर्णपणे बीबरच्या बाजूनं.

फेराइनची सभा भरली. जिल्ह्याकडून बीबरचे तंटे सोडवायला एक सल्लागार येतात, तशा फ्राऊ केलर आल्या होत्या. तरुण, शांत, पायात चिखलानं माखलेले बूट. मी ठकूताईंना पाहुण्या म्हणून नेलं. अर्धा तास हेर लोइब्ल बोलत होते. आधी माणसं होती, मग फेराइन झाला, मग हा उपटसुंभ आला. फ्राऊ केलर म्हणत होत्या, कायदा असा आहे. लोइब्ल म्हणत होते, कायद्यानं बटाटे लावून बघावेत.

ठकूताई उठल्या. "चला, बघून येऊ."

सगळी सभा ओढ्यावर. ताई पोटावर आडव्या झाल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ तशाच. मग लोइब्लना जर्मनमध्ये म्हणाल्या, "तुम्हाला किती पाणी नकोय?"

"अजिबात नकोय!"

"मग बागेला कुठलं घालता?"

लोइब्लनी पंपाकडे बोट दाखवलं. पंप ओढ्यातच होता. मागच्या उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा पंप नुसता हवा ओढत होता, हे गर्दीतून कुणीतरी बोललं. यंदा बीबरानं पाणी अडवलं होतं म्हणून पंपापाशी छान डबकं साठलं होतं.

"म्हणजे हवंही आहे," ताई म्हणाल्या. "इतकं हवं, आणि त्याच्या वर नको. मग ते 'इतकं' कुठे आहे, तेवढं ठरवू."

फ्राऊ केलरचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे उपाय होता, पण तो सांगायला त्यांना कुणी तोंडच उघडू देत नव्हतं. परवानगी काढून बांधातून एक जाड नळी टाकायची. तिचं तोंड ठरलेल्या उंचीवर, भोवती जाळीचा पिंजरा. तेवढ्या उंचीच्या वरचं पाणी गुपचूप निघून जातं. बीबर खळखळाट ऐकून भोक बुजवतो. खळखळाटच नसेल तर त्याला पत्ता लागत नाही.

मग उंचीवर घासाघीस झाली. लोइब्ल खाली खेचत होते, फ्राऊ केलर वर. ताईंनी पुन्हा हात बुडवला, काठ चालून आल्या आणि एका खुंटावर खडूनं रेघ मारली. त्या रेघेनं जवळपास सगळ्या बागा वाचल्या. एकच तुकडा पाण्याखाली जात होता.

आमचा.

"ताई!" मी म्हणालो.

"अरे बाबा, तुझी कोथिंबीर तशीही येत नव्हती," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय. तू तिला उसासारखं पाणी घालतोस."

मृणाल त्यांच्याशी आठवडाभर तुटक बोलत होती. मग ताई स्वतःच्या बाल्कनीतली कोथिंबिरीची कुंडी घेऊन आल्या आणि मिटलं. फेराइननं आम्हाला वरच्या अंगाला दुसरा तुकडा दिला. आमच्या जुन्या तुकड्यावर आता बेडूक असतात. हेर लोइब्ल संध्याकाळी खुर्ची टाकून तिथे बसतात आणि नवख्यांना "आमचा बीबर" दाखवतात. आधी तो उपटसुंभ होता, हे मात्र सांगत नाहीत.

यानंतर संस्थेत ठकूताईंना भांडणं सोडवायला बोलवायची फॅशनच आली. फ्रिजमधल्या दह्यापासून पार्किंगपर्यंत. त्या हसत जायच्या. दुसऱ्यांच्या भांडणात त्यांचा हात फार हलका चालायचा. पण स्वतःच्या घरचं भांडण आलं तेव्हा मी त्यांना प्रथमच गप्प पाहिलं.

त्यांचं गाव जुन्नरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. महादेव कोळ्यांची वस्ती. खालच्या खोऱ्यात मोठं धरण झालं, पाणी कालव्यांनी लांब लांब गेलं, आणि ज्यांच्या डोंगरावर ते पडतं त्यांच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन दरीत उतरत राहिल्या. ताईंचे चुलते, तात्या, यांनी गावाला घेऊन त्याच्याविरुद्ध उभा जन्म काढला. मोर्चे, सभा, कचेऱ्या. शेवटी आदिवासींच्या वनहक्काच्या कायद्याखाली गावाला आपल्या जंगलावर आणि त्यातल्या पाण्यावर सामूहिक हक्क मिळाला. ओढ्यातला मोठा डोह गावाचा झाला. पंप बसला. नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा तात्यांनी फोन तोटीखाली धरून ठकूताईंना आवाज ऐकवला होता. फोन गेला तो गेलाच. पण आवाज ऐकू आला, असं त्या सांगायच्या.

मग त्या डोहात खडस सापडला. सापडला म्हणजे काय, तो तिथे होताच. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला मासा. गावाला तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत. पण तो बाकी ओढ्यांतून संपलाय आणि इथे शिल्लक आहे, हे पाहणी करायला आलेल्या लोकांच्या लक्षात आलं. जंगल अभयारण्यातलं. वनखात्याचे साहेब म्हणाले, उन्हाळ्यात डोहातून उपसा बंद.

गावात सभा बसली. ठकूताई मासे आणि पाणी यांच्याच शास्त्रज्ञ, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. आमच्या मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर अख्खं गाव दिसत होतं. आवाज नीट यावा म्हणून मी वायरी जोडत बसलो होतो. अधिकारी साहेब बोलले, ताईंनी समजावलं की उन्हाळ्यात डोह फार उतरला तर पाणी तापतं, मासा टिकत नाही. एकदम तात्या पडद्याजवळ आले. इतके, की नुसतं कपाळ आणि टोपी दिसायला लागली.

"ठके," ते म्हणाले, "तू माशाची हायेस का मानसांची?"

ताईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"आमी त्याला खाल्ला, पन संपावला नाय. संपावला त्यो दुसऱ्यांनी. मंग पानी आमच्याच घशातून का काढायचं? सांग की. शिकलीस ना?"

त्याच वेळी दार उघडून प्रोफेसर डोकावले. त्यांनी पडद्यावरच्या गावाला हात केला. गावातल्या पोरांनीही केला. तात्यांनी कॉल बंद करायला लावला.

त्या दिवशी ताई जेवायला आल्या नाहीत. खिडकीपाशी केटल घेऊन बसल्या होत्या. केटल स्वच्छ होती. मी चहा नेऊन ठेवला तर म्हणाल्या, "म्हातारा बरोबर विचारतोय रे. पाणी डोहातून कमी होतंय हे मला दिसतंय. पण डोहात येतानाच कमी का येतंय, हे मी बघितलंच नाही. इथे बसून कशी बघणार?"

मे महिन्यात त्या रजा टाकून गेल्या. तिथे काय झालं ते परत आल्यावर त्यांनी आम्हाला आमच्या नव्या बागेत बसून सांगितलं, आणि सांगताना साहेबाची आणि तात्यांची चाल करूनही दाखवली.

तात्या आणि अधिकारी एकमेकांशी बोलत नव्हते. ताईंनी दोघांनाही उचललं आणि ओढ्याच्या काठानं वर चालायला लावलं. स्वतः मध्ये.

"ठके, त्याला सांग, त्यो धोंडा हालतोय."

"मॅडम, त्यांना सांगा, मला दिसतंय."

आणि साहेब त्याच धोंड्यावरून घसरले. तात्यांनी पट्ट्याला धरून वर ओढलं आणि पुतणीला म्हणाले, "त्याला इचार, लागलं का."

उन्हं चढेपर्यंत ते वर पोचले. तिथे सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या बंगल्यांची एक वसाहत होती. तिनं ओढ्यावर पक्का बांध घालून तळं केलं होतं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या, पायानं चालवायच्या होड्या. बांधाखाली ओढ्याची नुसती ओल.

तात्या पांढऱ्या हंसांकडे बघत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा थेट साहेबांशी बोलले. "साहेब, ह्यो कोनता दुर्मिळ पक्षी?"

साहेब हसले नाहीत म्हणे. कानापर्यंत लाल झाले, खाली आले आणि कामाला लागले. वसाहतीकडे त्या बांधाची परवानगीच नव्हती. होळीनंतर बांध उघडा ठेवायचा, असं झालं. डोह गावाचाच, त्याची राखण गावाची, हेही पक्कं झालं. पावसाळ्यात भरून ठेवायला गावाच्या वर टाकी बांधायची ठरली. आणि डोहातल्या खडकावर एक रेघ मारायची. पाणी रेघेपर्यंत उतरलं की पंप बंद. त्याखालचं माशाचं.

रेघ मारायची ठकूताईंनी. तात्या म्हणाले, हातभर खाली घे. साहेब म्हणाले, हातभर वर. ताई डोहात उतरल्या, तळ चाचपला, आणि त्यांना जिथे वाटलं तिथे मारली.

"तात्या तिथून जे उठून गेले," ताई म्हणाल्या, "ते मी निघेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. घरची पोर, आणि हातभर पाणी देईना."

ईरानं जर्मनमध्ये विचारलं, मग दिलं का नाहीस?

"मासा मेला असता ना राणी," ताई मराठीत म्हणाल्या. हसत होत्या, पण हसू पुढे सरकेना. "त्या हातभर पाण्यात माझ्या चुलतीची वांगी होती. शेवटच्या महिन्यात वांग्याला पाणी नाही पुरणार. ते मला माहीत होतं."

पुढचं वर्षभर त्या गावाचं नाव निघालं की विषय बदलायच्या. तात्यांचा फोन येत नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मात्र त्या माझ्या खोलीत आल्या, फोन कानाला तसाच, आणि मला खूण करून त्यांनी स्पीकर चालू केला. पलीकडे चुलती होती आणि तिच्यामागे प्रचंड आरडाओरडा. पाणी रेघेला टेकलं होतं. गावातल्या काही जणांना अजून थोडा वेळ पंप चालवायचा होता. आणि तात्या काठी घेऊन पंपावरच बसले होते.

"कोन हात लावतो बघू!" मागून ऐकू येत होतं. "ती रेघ काय साहेबानं नाय मारली! माज्या पुतनीनं मारलीये! पान्यात झोपून मारलीये!"

"आगं, सकाळधरनं बसलाय," चुलती म्हणाली. "जेवायला बी उतरंना. अन् वांगी माजी वाळली ती वाळलीच. त्याचं काय?"

"काकी, त्यांना जरा फोन दे ना."

"नगं म्हनतोय. म्हनतो, मी तिच्याशी बोलत नाय."

ठकूताई एवढ्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना माझा टेबलपुसणीचा कागद घ्यावा लागला. बराच वेळ पुसत होत्या.

त्यानंतर त्यांचं इथे मन लागेना. वरच्या खोऱ्यातल्या आणखी गावांना अशाच रेघा मारून हव्या होत्या. टाकी झाली तरी चुलतीच्या वांग्याचं गणित सुटलेलं नव्हतं, ते त्यांना छळत होतं. प्रोफेसरांनी थांबायचा आग्रह केला. ठकूताईंनी त्यांना मराठीत बरंच काही सांगितलं. प्रोफेसर जर्मनमध्ये म्हणाले, "जा, गेनाऊ," म्हणजे "हो, अगदी खरंय," आणि खिडकीकडे वळून चष्मा पुसायला लागले. निरोपाच्या दिवशी हेर लोइब्ल मुद्दाम संस्थेत आले. त्यांनी पिशवीभर बटाटे आणले होते. विमानात नेता येणार नाहीत म्हटल्यावर तिथेच उकडले आणि सगळ्यांनी मीठ लावून खाल्ले.

विमानतळावर पोचवायला आम्ही तिघं गेलो. ताईंनी मृणालला जवळ घेतलं, ईराच्या गालाला चिमटा काढला, मला म्हणाल्या, "कोथिंबिरीला कमी घाल रे," आणि आत गेल्या. सामान तपासतात तिथली भिंत काचेची आहे. आवाज येत नाही, पण दिसतं सगळं.

त्यांच्या पिशवीतून तपासणीवाल्यानं एक विचित्र वस्तू काढली. दांडी, आणि टोकाला छोटा पंखा. ओढ्यातल्या प्रवाहाचा वेग मोजायचं यंत्र, त्यांनी गावासाठी घेतलेलं. तपासणीवाला धिप्पाड, कपाळाला आठ्या. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं. ठकूताई बोलायला लागल्या. हात लाटांसारखे हलत होते, मग माशासारखे, मग पोटावर झोपल्याचा अभिनय. मागे रांग वाढत होती. "मराठीत सांगताहेत बहुतेक," मृणाल म्हणाली.

त्या माणसानं दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानं यंत्र डोळ्यांजवळ नेलं, जरा विचार केला आणि पंख्यावर हळूच फुंकर मारली. पंखा गरगर फिरला. मग पहिल्यानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि त्यानंही फुंकर मारली. जोरात. आठ्या गेल्या होत्या. ठकूताई कमरेवर हात ठेवून हसत होत्या. रांगेतले लोकही.

मग त्यांनी हात पुढे केला आणि यंत्र परत मागून घेतलं. आमच्याकडे वळून बघायचं त्यांना सुचलं नाही. गर्दी दाट होती आणि त्या बुटक्या, त्यामुळे लगेच दिसेनाशा झाल्या. यंत्राला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ते डोक्यावर उंच धरलं होतं. त्यांच्या चालण्याच्या वाऱ्यानं तो पंखा सगळ्यांच्या डोक्यांवरून सावकाश फिरत चालला होता.